उलटा पीळ

प्रिय पंचशीला,

जय भीम. त्याच्याआधी 'सप्रेम' लिहायची आपल्याकडं रीत आहे, पण मी रागात आहे म्हणून लिहिलं नाही. 'प्रिय' सवयीनं आलंय, त्याचा जास्त अर्थ काढू नको. फोन सोडून मी कागद घेऊन बसलोय याचं तुला हसू येईल. येऊ दे. फोनवर माझा राग माझ्या बोटांच्या पुढं पळतो, हे तुझ्याइतकं कुणाला माहीत आहे? कागदावर निदान एक शब्द पुरा होईपर्यंत तरी दम धरावा लागतो. त्यात आज सकाळपासून अहमदपुरात लाईट नाही. दयानंदभाऊ, म्हणजे माझे मालक, जेवायला घरी गेलेत. बसस्टँडसमोर त्यांचं इलेक्ट्रिकचं दुकान आहे, नांदेडचं इंजिनिअरिंग कॉलेज सोडून आल्यापासून मी इथंच असतो. आता काउंटरवर मी एकटा आणि माझ्यासमोर तू दुरुस्तीला पाठवलेला तुझा लाईट. गावची लाईट गेलेली आणि तुझा लाईट आलेला. असं बसलोय.

हा लाईट मी तुला करून दिला तेव्हा आपण दुसऱ्या वर्षाला होतो, आठवतं? तुझ्या होस्टेलच्या खोलीत ट्यूब तुझ्या पाठीमागं होती. ड्रॉइंगच्या शीटवर वाकलीस की सगळा अंधार शीटवर. तू म्हणालीस, "माझीच सावली माझ्या शीटवर येऊन बसते रे, ऊठ म्हणलं तर उठत नाही." सगळे हसले. मी हसलो नाही. मला त्या सावलीचा हेवा वाटला होता, हे आज सांगतो. दिवसभर तुझ्याजवळ, आणि ऊठ म्हटलं तरी उठायचं नाही, असं नशीब कुणाला मिळतं?

दुसऱ्याच दिवशी मी विष्णुपुरीच्या त्या खिडक्या करणाऱ्या फॅब्रिकेटरकडून ॲल्युमिनियमच्या पट्टीचा हातभर तुकडा मागून आणला. एलईडीची पट्टी घेतली. आपल्या वर्गातल्या मनिषाच्या रूमवर बंद पडलेल्या वायफायचा बारा व्होल्टचा अडॅप्टर होता, तो लावला. वरून दुधी झाकण, म्हणजे उजेड डोळ्यांत टोचू नये. कँटीनच्या मागच्या टेबलावर मी काम करायचो आणि तू समोर बसून बघायचीस. बघायचीस म्हणजे नुसते प्रश्न. "इथंच का कापायचं? तिथं का नाही?" मी सांगायचो, पट्टीवर जिथं कात्रीची खूण आहे तिथंच कापायचं, नाहीतर तीन दिवे जागच्या जागी मरतात. "आणि खाली टेप कशाला?" सोल्डर ॲल्युमिनियमला टेकलं तर शॉर्ट होतं म्हणून. मग तारेचा जोड. दोन्ही तारा सोलायच्या, एकमेकींवर आडव्या टाकायच्या आणि पीळ द्यायचा, असा की ओढलं तरी सुटला नाही पाहिजे. मग सोल्डर, मग वरून स्लीव्हची नळी. तू म्हणालीस, "मला करू दे एक." एका फालतू तुकड्यावर तू पीळ देत बसलीस, जीभ दाताखाली धरून. मी तुझ्या तोंडाकडं बघत होतो, तारेकडं नाही. ही चूक मला पुढं एवढी महाग पडेल असं तेव्हा वाटलं नव्हतं.

लाईटातले सगळे जोड मात्र मीच दिले होते. माझा पीळ उजवा असतो. शंभर जणांच्या वायरिंगमधून मी माझा जोड काढून दाखवीन. प्रत्येकाच्या हाताचा एक पीळ असतो, पंचशीला, तो बदलत नाही. आमचे बाबा मोंढ्यात हमाली करतात, आयुष्य पोत्यांत आणि दोरांत गेलं. मी कॉलेज सोडून बॅग घेऊन घरी आलो त्या दिवशी ते माझ्या आईला म्हणाले, "सुंभ जळाला तरी पीळ जळत न्हाई. ह्याचं तसंच हाय." मला वाटलं कौतुक केलं.

तिसऱ्या वर्षाला मी का निघालो हे तुला नव्यानं सांगत नाही. विषय राहिले, वर्ष गेलं, डोकं फिरलं. तू बस सुटेपर्यंत स्टँडवर उभी होतीस. म्हणालीस, "एक वर्षच गेलंय संघपाल, परत ये." आणि मी म्हणालो, "तुझ्या मागच्या वर्गात बसायला येऊ?" बस सुटली. तुझं तोंड मी काचेतून बघितलं आणि मान फिरवली. त्यानंतर तुझे फोन आले, मी उचलले नाहीत. मग यायचे बंद झाले, तर त्याचाही राग धरला. माझं असं आहे.

आता गेल्या रविवारची गोष्ट. तुझी मैत्रीण मनिषा सुट्टीला अहमदपूरला आली, ती थेट दुकानात. काउंटरवर पिशवी आदळली आणि म्हणाली, "हे घे. पंचशीलाचा लाईट. बिघडलाय म्हणं. पुण्याला जायच्या आत पायजे." मी म्हटलं, "पुण्याला कोण चाललं?" तर ती कपाळाला हात लावून, "तुला कायबी ठाव न्हाई का रे? नोकरी लागली तिला. तिला अन् रुद्रेशला. एकाच कंपनीत. रविवारी निघून राहिलेत, सोमवारी जॉइनिंग." मी म्हटलं, "रुद्रेश कोण?" म्हणाली, "तू गेल्यावर आमच्या वर्गात आलेला. देवणीकडचा. उंच हाय बघ." मी म्हटलं, "मी उंची विचारली का?" ती हसली. "तू न्हाई विचारलंस, पण तुझं तोंड इचारून राहिलंय."

ती गेल्यावर मी पहिल्यांदा आनंदलो, खोटं कशाला सांगू? लाईट माझ्याकडं आला, म्हणजे तुला मी आठवलो. पिशवीतून काढला तर स्वच्छ पुसलेला, वायर नीट गुंडाळून रबर लावलेलं. मी झाकण सरकवलं, आणि पंचशीला, बघतो तर काय! पट्टीच्या मधोमध तीन दिव्यांचा एक तुकडा कापून काढलेला होता आणि दोन्ही टोकं तारेच्या इवल्याशा तुकड्यांनी जोडली होती. कापलं होतं बरोबर कात्रीच्या खुणेवर. खाली टेप होता. वर स्लीव्ह होती. स्लीव्ह सोलून बघितली, तर आत पीळ डावा.

माझ्या लाईटात दुसऱ्याच्या हातचा जोड!

तू म्हणशील, काय एवढं? तारेचे दोन तुकडे. तर ऐक. कुणी माझ्या ताटात जेवलं असतं, माझी गाडी न विचारता नेली असती, तरी मला एवढं लागलं नसतं. तो लाईट तुझ्या टेबलावर होता. म्हणजे तो कुणीतरी तुझ्या टेबलाशी बसून उघडला. किंवा तू उचलून त्याच्याकडं घेऊन गेलीस, आणि तो काम करत असताना समोर बसून विचारलंस, इथंच का कापायचं, तिथं का नाही. तुझे प्रश्न माझे होते. ते दुसऱ्याला विचारलेस याचं मला जास्त लागलं.

संध्याकाळी मी मनिषाच्या घरावरून तीनदा गाडी नेली. शेवटी तीच बाहेर आली. "काय रे, पेट्रोल फुकट मिळायलं का?" मी म्हटलं, तुमच्या वर्गाचा फोटो दाखव, ते नोकऱ्या लागलेल्या पोरांचा. तिनं दाखवला. तू निळ्या ड्रेसमध्ये, आणि तुझ्या शेजारी तो. उंच आहे, कबूल. दात पण चांगले आहेत. मी फोटो मोठा करून त्याचे हात बघितले. घड्याळ उजव्या मनगटावर. मी म्हटलं, "हा डावरा आहे का गं?" मनिषा म्हणाली, "हाव, डावराच हाय. का, मॅच लावायलास का त्याच्यासंगं?"

मला आणखी काय पुरावा पाहिजे होता? डाव्या हाताचा पीळ, डावरा माणूस. मी तिथंच, तिच्या दारात गाडीवर बसून तुला मेसेज टाकला. वर्षभरानंतरचा माझा पहिला मेसेज: 'ज्याचा पीळ त्यानंच सोडवावा. दुरुस्ती त्याच्याकडूनच करून घे.' तुझं उत्तर आलं: 'बरं.'

ते 'बरं' मी दोन दिवस घेऊन हिंडलो. कामावर, घरी, जेवताना. हे कुठलं 'बरं'? 'बरं झालं, कळलं तुला' हे बरं? 'बरं बाबा, तुझंच खरं' हे बरं? का 'बरं, सुटले एकदाची'? पुण्याकडचा माणूस कदाचित एका 'बरं'चा एकच अर्थ काढेल. आपल्याकडं पोरीला स्थळ पसंत असलं तरी ती 'बरं' म्हणते आणि आईनं भांडी घासायला सांगितली तरी 'बरं'च. दयानंदभाऊ म्हणाले, "अरे, गिऱ्हाइकाला फेज दाखवायला सांगितली तर तू टेस्टर घेऊन भिंतीकडं बघत बसलास. काय झालं?" मी म्हटलं, काही नाही. मनात म्हटलं, रुद्रेश झाला.

आणि सगळ्यात मोठा राग कशाचा होता सांगू? जोड चांगला होता. मी पक्कड घेऊन तो तोडायलाच बसलो होतो. ओढून बघितला, सुटेना. सोल्डर थेंबभरही जास्त नाही, पट्टी कुठं जळलेली नाही. ढिसाळ असता तर मी त्याला चार शिव्या देऊन मोकळा झालो असतो. चांगल्या कामाला शिवी देता येत नाही, आणि माझ्या तोंडाशी तर सगळ्या येऊन थांबल्या होत्या.

काल मात्र एक गोष्ट झाली. आमच्या विहाराच्या मागं मुलांसाठी अभ्यासिका काढलीय, तिथल्या टेबलांना असेच पट्टीचे लाईट करून द्यायचं काम मी घेतलंय. काम बरंच आहे, म्हणून घरी धाकट्या बहिणीला, महामायाला, जोड द्यायला बसवलं. ती बी.ए.ला आहे, पण तिला स्वतःला ती माझी आई वाटते. बैठकीत सतरंजीवर ती माझ्यासमोर बसली. मी एक जोड करून दाखवला, अगदी सावकाश. तिनं दुसरा केला आणि माझ्या हातात दिला. मी बघितलं आणि ओरडलो, "उलटा का पिळलास? मी काय दाखवलं?" ती पण ओरडली, "तू दाखवलास तसाच पिळला की! तुझा हात ह्या अंगाला गेला, माझाबी ह्या अंगालाच गेला. आंधळी हाय का मी?" आणि तिनं पुन्हा करून दाखवला. माझा उजवा हात तिच्या डाव्या बाजूला येत होता, तर ती डाव्या हातानं पीळ देत होती. आरशात बघून शिकल्यासारखा. समोर बसून शिकली, म्हणून उलटा.

मी तो जोड हातात धरून बसून राहिलो. महामाया म्हणाली, "आता काय झालं? रडायलास का काय?" मी म्हटलं, सोल्डरचा धूर गेला डोळ्यांत. ती म्हणाली, "सोल्डरिंग आजून चालूबी केलं न्हाई." आमच्या घरात खोटं बोलायची सोय नाही.

पंचशीला, माझ्यासमोर बसून हे काम आजवर दोघीच शिकल्या. एक काल. दुसरी त्या कँटीनच्या टेबलावर, जीभ दाताखाली धरून.

आज सकाळी दुकानात आल्याआल्या तुझा लाईट पुन्हा उघडला. एवढ्या दिवसांत मी तो जोड सोडून दुसरं काही बघितलंच नव्हतं. लाईट बंद का आहे हे बघायचं राहूनच गेलं होतं, आणि म्हणे मी कारागीर! बघितलं तर बटणातली एक तार सुटलेली. ओढून तुटलेली तार विसकटते, तिचे केस पिंजारतात. ही तार सरळ होती, टोक नीट वळून ठेवलेलं. म्हणजे कुणीतरी स्क्रू ढिला करून, तार अलगद बाहेर काढून, स्क्रू पुन्हा आवळून ठेवला होता. मी तार बसवली. गावात लाईट नव्हती, म्हणून बाहेर उभ्या माझ्या गाडीच्या बॅटरीवर लावून बघितला. बारा व्होल्टच तर लागतात. भर उन्हात तुझा लाईट लागला. रस्त्यानं जाणारा एक माणूस म्हणाला, "काय राव, सूर्याला उजेड दाखवायलास का?" म्हटलं, "हो."

तर तुझा लाईट बिघडलाच नव्हता. आणि नांदेडात वजिराबादला असल्या बारक्या दुरुस्त्या करणाऱ्यांची काय कमी आहे? बिघडला असता तरी तो माझ्यापर्यंत यायचं काही कारण नव्हतं. मधले तीन दिवे मेले तेव्हा तू मला फोन केला असशील आणि मी उचलला नसेन. मग तू स्वतःच उघडलास, मी सांगितलं होतं तसं सगळं केलंस, आणि कुणाला दाखवलं नाहीस. आता जाताना बटणाची तार काढून माझ्याकडं पाठवलास, की संघपाल झाकण सरकवील आणि बघेल. मी झाकण सरकवलं. बघितलं. आणि रुद्रेशला बघितलं.

आता वाटतं, तुझं ते 'बरं' यातल्या कुठल्याच प्रकारचं नव्हतं. सगळं सांगून झाल्यावर समोरच्याला कळलंच नाही, तर माणूस जे म्हणतो ते 'बरं' होतं ते.

पण माझा हेवा गेला असं समजू नको. जातीचा आहे, इतक्यात जायचा नाही. आधी रुद्रेशच्या हाताचा होता, आता तुझ्या हातांचा आहे. मी नसताना माझं काम तुझ्या हातांनी केलं. पुढचे तीन दिवे जातील तेव्हाही करतील. मग माझी गरज कशाला? तुझ्या पुण्याच्या खोलीचा हेवा वाटतो, तिच्या टेबलाचा, आणि तिथं भिंतीवर जिथं कुठं प्लग असेल त्या प्लगचा. रुद्रेशचा तर आहेच. तो तुझ्या बसमध्ये असेल. मनिषा म्हणते दोघांची तिकिटं एकदमच काढली. खिडकीजवळ कोण बसणार हे तिला विचारायची मला हिंमत झाली नाही, आणि विचारल्याशिवाय झोपही आली नाही. तो तुझा नुसता वर्गमित्र आहे का आणखी कुणी, हे जोडावरून कळत नाही. जोड तुझा आहे एवढंच कळलं. बाकीचं मला माहीत नाही, आणि माहीत नसणं मला जमत नाही.

म्हणून हे पत्र. उद्या सकाळी मनिषा नांदेडला परत जाताना लाईट न्यायला दुकानात येईल. लाईट तयार आहे, चालू आहे, पण मी तो तिला देणार नाही. त्याच्या जागी हा कागद देणार आहे. ती मला खूप बोलेल, मी ऐकून घेईन. लाईट पाहिजे तर शनिवारी तू ये. नांदेडहून अहमदपूरच्या बस दिवसभर आहेत, आणि आमचं दुकान स्टँडवर उतरलं की समोरच दिसतं. त्या दिवशी स्टँडवर जे बोलायचं होतं ते न बोलता मी बसमध्ये चढलो होतो. तुझ्या मागच्या वर्गात बसायची लाज नव्हती गं. तू पुढं निघून जाशील आणि मागं वळून बघशील तेव्हा मी तिथं असेन, त्याची होती. माझं तुझ्यावर प्रेम आहे. हे वाक्य लिहायला मला या पत्रातली सगळी वाक्यं लागली. तू पुण्याला जाऊ नको असं मी म्हणणार नाही. तू जा. पण जायच्या आधी एकदा माझ्या तोंडावर सांग, आपलं काय आहे. 'बरं' सोडून दुसऱ्या कुठल्याही शब्दात. 'नाही' असेल तरी लाईट तुझ्या हातात देईन, खोक्यात नीट बांधून, आणि बस सुटेपर्यंत मी उभा राहीन. नाहीच आलीस, तर रविवारच्या आत लाईट तुला पोचेल, कुणाच्या तरी हाती, पुन्हा एक शब्द विचारणार नाही. शेवटी 'एकटी ये' असं लिहिलं होतं. ते खोडलंय, वर दिसत असेल. कशीही ये.

राग धरूनही तुझाच,
संघपाल